दाराला सॉरी म्हणणारी साक्षीदार

वकीलबाईंना लहानपणापासून एक खोड होती. दोन माणसं हळू आवाजात बोलताना दिसली की त्यांची चाल आपोआप मंदावायची. आई वैतागून म्हणायची, "या मुलीच्या कानांनाच पाय फुटलेत." मोठेपणी खोड गेली नाही. फक्त तिला काळा कोट मिळाला.

वकिलीच्या पहिल्या दिवशी त्यांच्या वरिष्ठांनी त्यांच्यापुढे मृत्युपत्रांचा गठ्ठा सरकवला. त्या कचेरीत हे काम कुणालाच नको असायचं. मारामाऱ्या, घटस्फोट, बांधावरचे तंटे यांत नाव व्हायचं. मृत्युपत्र म्हणजे मेलेल्या माणसाची वकिली, अशील कधी आभार मानायला येणार नाही आणि हरलो तर शिव्याही द्यायला येणार नाही. गठ्ठ्यातल्या पहिल्याच कागदावर एका गृहस्थाने सगळं बायकोला दिलं होतं, "खिडकीजवळची खुर्ची सोडून." खुर्ची कुणाला द्यायची, ते लिहिलंच नव्हतं. बाकीचे म्हणाले, विसरला असेल. बाईंना काही चैन पडेना. संध्याकाळी त्या सरळ त्या घरी गेल्या आणि खुर्चीचं काय म्हणून विचारलं. बायको आधी रडली, मग हसू लागली. खुर्ची शेजाऱ्यांची होती. कधीतरी पाहुणे आले तेव्हा मागून आणलेली, परत करायची राहून गेली होती. नवरा शेवटपर्यंत त्याच खुर्चीत बसला, पण मरताना ती आपली नाही हे त्याच्या ध्यानात होतं.

त्या दिवशी बाईंना आपलं काम सापडलं. पुढे त्यांनी दुसरं काही केलं नाही.

आता त्या साठीला टेकल्या होत्या. वह्या-पेनांच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की त्यांच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत कारकून, वयाने बाईंपेक्षाही थोडा मोठा, सदा नाकाच्या शेंड्यावर बोट घासत बसलेला. आतल्या खोलीत बाई. टेबल होतं, पण त्या त्याच्या पलीकडे बसत नसत. अशिलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या. मृत्युपत्र करायला आलेला माणूस घराचे कागद काढू लागला की त्या हाताने थांबवायच्या. "ते असू द्या. सकाळी उठल्यावर घरात पहिली हाक कोणाला मारता?" माणूस गोंधळायचा, मग बोलायला लागायचा. अर्ध्या तासात कोणावर जीव आहे, कोणावर राग आहे आणि कोणावर राग असल्याचं नुसतं नाटक आहे, हे सगळं बाहेर यायचं. एक आजीबाई दर वर्षी येऊन सुनेचं नाव काढायच्या आणि पुढच्या वर्षी परत घालायच्या. कारकून कुरकुरायचा. बाई म्हणायच्या, "अहो, त्यांचं भांडण चालू आहे म्हणजे घर नीट चाललंय."

घरी त्यांचे यजमान, निवृत्त भूगोल शिक्षक, जेवताना विचारायचे, "आज कोण मेलं?" आणि बाई उत्साहाने सांगायला लागायच्या.

तर अशा या बाईंकडे एकदा चष्म्याच्या दुकानातला कारागीर आला.

चाळिशीतला, रुंद खांद्यांचा माणूस. पण खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला. दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून त्यांना आकार द्यायचं काम तो पोरवयापासून करत होता. त्याचे मालक, म्हणजे चष्मेवाले काका, थोड्या महिन्यांपूर्वी वारले होते. लग्न केलेलं नव्हतं. दुकान खाली, घर वर. घरात त्यांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहायला आली होती. काकांच्या कपाटात एक टाइप केलेलं मृत्युपत्र निघालं, बरंच जुनं. त्यात घर बहिणीला आणि दुकान, यंत्रांसकट, कारागिराला दिलं होतं.

"मला माहीतच नव्हतं," कारागीर म्हणाला. "देवाशपथ सांगतो, बाई. मला वाटलं होतं, ताई दुकान बंद करतील, मग मी दुसरीकडे काम शोधेन."

"आणि ताई काय म्हणतात?"

"आधी काही बोलल्या नाहीत. मग कागद वाचला आणि म्हणाल्या, ही दादाची सही नाही."

बाईंनी कागद हातात घेतला. सही सुरेख होती. पूर्ण नाव, प्रत्येक अक्षर सुटं. कारागिराने खिशातून काकांच्या सहीची एक जुनी पावती काढली. तिच्यावर नुसतं एक अक्षर आणि त्याला उंदराच्या शेपटीसारखी रेघ.

"ते नेहमी अशीच करायचे?"

"नेहमी. पूर्ण नाव लिहिताना मी त्यांना कधी पाहिलंच नाही."

बाईंच्या डोळ्यांत चमक आली. कारागीर घाबरला. त्याला वाटलं, आपल्यावरच संशय आला. पण बाईंना संशय नव्हता, भूक लागली होती. रोज शेपटी काढणारा माणूस एके दिवशी आपलं नाव सुंदर अक्षरात का लिहितो?

मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाकडून मान्य करून घ्यायचं म्हणजे प्रोबेट. बहिणीने हरकत घेतलीच होती, तेव्हा साक्षीदार उभा करणं भाग होतं. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. सही करणाऱ्याने त्यांच्या देखत सही करायची, किंवा निदान आपल्या तोंडाने त्यांना सांगायचं की ही सही माझी. काकांच्या कागदावरचा पहिला साक्षीदार होता शेजारचा किल्ल्या बनवणारा. तो आधीच वारला होता. दुसऱ्याची सही मात्र कोणालाच लागेना. खाली नाव नाही, पत्ता नाही.

बाईंनी ती सही भिंगाखाली धरली. पहिलं अक्षर वळणदार, सरावाच्या हाताचं. दुसरं थोडं वर चढलेलं. तिसरं वरच्या टाइप केलेल्या ओळीत घुसलेलं. शेवटची रेघ तर कागदाच्या कडेवरून खाली गेली होती.

"उरलेली सही टेबलावर राहिली असणार," बाई म्हणाल्या.

कारकुनाने नाकावर बोट घासलं. "प्यायलेला माणूस, बाई."

"प्यायलेला माणूस पहिलं अक्षरही नीट काढणार नाही."

"मग चालत्या गाडीत केली असेल."

"चष्म्याचं दुकान कधीपासून चालायला लागलं?"

पण कारकुनालाही आता चैन पडेना. दुपारभर तो आपल्या टेबलावर वेगवेगळ्या तऱ्हांनी सह्या करून पाहत होता. कधी डाव्या हाताने, कधी उभ्याने, एकदा तर डोळे मिटून. बाई आतून ऐकत होत्या. हसू दाबत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या. जागा बघितल्याशिवाय त्यांना कागद कळत नसे. दुकान लहान होतं. समोर काचेचं दार, आत काउंटर, भिंतीवर फ्रेमांच्या रांगा आणि एक उंच आरसा. काउंटरच्या अलीकडे गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. मागच्या खोलीतून काच घासायच्या यंत्राची घरघर यायची. वरच्या मजल्यावर बहीण वावरत होती. तिच्या पावलांचा आवाज छतातून स्पष्ट ऐकू येत होता. बाईंनी वर पाहिलं. इतक्या जवळ बहीण, आणि भावाने तिला हाक मारली नाही. ताईंच्या मनाला जे लागलं होतं ते दुकान नव्हतं, हे होतं, असं त्यांच्या लक्षात आलं.

"मृत्युपत्र झालं त्या दिवशी तुम्ही कुठे होता?" त्यांनी कारागिराला विचारलं.

"आठवत नाही. मागे असेन. यंत्र सुरू असलं की पुढे काय चाललंय ते मला कळत नाही. नाहीतर काकांनी काहीतरी आणायला पाठवलं असेल." मग त्याने बाईंकडे निरखून पाहिलं. "तुमच्या चष्म्याची काडी ढिली झालीय. द्या, लगेच घट्ट करून देतो."

बाईंनी चष्मा काढून दिला. तो मागे गेला तेवढ्यात त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि स्टुलावर बसून लिहायला घेतलं: दार कुठे, काउंटर कुठे, स्टूल कुठे. चष्मा परत आला. त्यांनी तो नाकावर चढवला, कागदाकडे पाहिलं आणि एकदम मोठ्याने हसल्या. इतक्या मोठ्याने, की छतावरची पावलं थबकली.

त्यांच्या ओळी एकमेकींच्या डोक्यावर चढून बसल्या होत्या. पहिले शब्द बरे आणि पुढे सगळा डोंगर-उतार.

"अहो, दुसरा साक्षीदार गिऱ्हाईक होता!" त्या म्हणाल्या. "त्याचा चष्मा तुमच्याकडे दुरुस्तीला होता. त्याला कागदच दिसत नव्हता!"

कारागीरही हसला, पण लगेच त्याचा चेहरा पडला. "बाई, या दुकानात आजवर किती गिऱ्हाइकं आली असतील? त्यातलं एक कसं शोधणार?"

कसं शोधणार, ते बाईंनाही माहीत नव्हतं. पण मेलेल्या माणसाला काही विचारता आलं नाही तर तो कोणाजवळ बोलत असे ते शोधावं, एवढं त्या कामाने त्यांना शिकवलं होतं. किल्लीवाला वारला होता, पण त्याची बायको होती. दुकानामागच्या गल्लीत, तळमजल्यावरच्या खोलीत. म्हातारी दाराशी बसून शेंगा निवडत होती. बाईंनी शेजारी बैठक मारली आणि त्याही निवडू लागल्या. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर त्यांनी विचारलं, "काकू, तुमच्या यजमानांनी कधी कुणाच्या मृत्युपत्रावर सही केली होती?"

"कुणाच्या काय, चष्मेवाल्याच्याच की!" काकू म्हणाल्या. "दाराला सॉरी म्हणणारी होती ना बरोबर!"

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कोण?"

"अगं, ती बाई. चष्मा मोडला म्हणून आली होती. आली ती सरळ काचेच्या दारावर आपटली, आणि दारालाच म्हणाली, सॉरी हं. मग आत गेली आणि तिथला तो उंच आरसा आहे ना, त्यातल्या आपल्याच छबीला म्हणाली, तुमचा नंबर आधी असेल तर मी थांबते." काकूंना बोलता बोलता हसू आवरेना. "आमचे हे तेव्हा तिथेच उभे होते. घरी आल्यावर सांगितलं आणि पुढे जो कोणी पाहुणा येईल त्याला सांगायचे. मला तर पाठच झालंय."

"आणि ती कोण, काय करते, हे काही म्हणाले होते?"

"तेच तर! पोहायला शिकवते म्हणे. हे म्हणायचे, पोरं तरंगतात की बुडतात, हे हिला दिसतं तरी कसं?"

बाई तिथून निघाल्या त्या जवळजवळ पळतच. पण कोपऱ्यावर येईपर्यंत त्यांची चाल मंदावली. डोक्यात दुसरीच पाल चुकचुकली होती. जी बाई दाराला माणूस समजते आणि आरशातल्या स्वतःला गिऱ्हाईक, तिने काउंटरपलीकडच्या माणसाला सही करताना पाहिलं असेल? आणि पाहिलंच नसेल तर ती साक्ष काय कामाची?

कचेरीत आल्यावर त्यांनी कारकुनाला सगळं सांगितलं. तो खूश झाला. "सापडली म्हणायची! आता एवढंच म्हणायचं तिने, की पाहिलं."

"आणि तिने पाहिलं नसेल तर?"

"बाई, इतक्या वर्षांनी कोण तपासायला बसलंय?"

"मी बसले आहे ना," बाई म्हणाल्या. "शिवाय समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल की बाई, तुमचा चष्मा तेव्हा कुठे होता. त्यावर काय सांगायचं? खिशात?"

कारकुनाने नाकावर बोट घासलं.

शहरात पोहण्याच्या जागा काही कमी नव्हत्या. दोन ठिकाणी "अशी कोणी नाही" असं उत्तर मिळालं. मग कुणीतरी शाळेमागच्या जुन्या, छप्पर घातलेल्या तलावाचं नाव काढलं. "तिथे आहेत एक मॅडम. जाड भिंगांच्या."

तलावावर औषधाचा उग्र वास होता. ओल्या फरशीवर बाईंच्या चपला चर्रचर्र वाजत होत्या. छताखाली प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत होता. कडेला बसकी, रुंद खांद्यांची, पन्नाशीची एक बाई उभी होती. डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा, त्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या. पाण्यात एक दांडगा गृहस्थ कडेचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून होता.

"सोडा," ती म्हणाली.

"सोडतो. जरा थांबा."

"दांडा कुठे पळून जात नाही. सोडा."

गृहस्थाने डोळे मिटून हात सोडले आणि तरंगला. त्याच्या चेहऱ्यावर असा काही आश्चर्याचा भाव उमटला की वकीलबाईंना त्याला थांबवून हजार प्रश्न विचारावेसे वाटले. पण त्यांनी स्वतःला आवरलं.

वर्ग संपल्यावर दोघी बाकावर बसल्या. बाईंनी कागदाची छायाप्रत पुढे केली. मॅडमने ती नाकाजवळ धरली आणि फस्सकन हसली. "अरे देवा! ही माझी सही? हे पहिलं अक्षर माझं, बाकीचं कोणाचं ते विचारू नका."

"तुम्हाला आठवतं?"

"न आठवायला काय झालं? दुसऱ्याचं मृत्युपत्र रोज कोण हातात देतं? माझ्या चष्म्यावर एका पोराने पाय दिला होता. चाचपडत गेले दुकानात. माझा नंबर असा आहे की चष्मा नसला तर माझा हात लांब केला की मलाच दिसत नाही. काकांनी फ्रेम घेतली, म्हणाले, थोडा वेळ लागेल, तोवर माझं एक काम कराल का?"

बाईंनी एकेक शब्द जपून विचारला. "त्यांनी सही केली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"समोर, स्टुलावर."

"काय दिसलं?"

मॅडमने मान हलवली. "खरं सांगू? काही नाही. काहीतरी पांढरं होतं, त्यावर काहीतरी हललं. तेवढंच."

कायद्यात दुसरी वाट होती: सही करणाऱ्याने स्वतः सांगितलं असेल तर. पण ती वाट त्यांनी तिला दाखवायची नव्हती. एकदा का वकिलाने साक्षीदाराच्या तोंडात शब्द घातला की तो पुन्हा बाहेर काढता येत नाही. त्यांनी जीभ दाताखाली धरली आणि एवढंच म्हटलं, "मग?"

"मग त्यांनी विचारलं, दिसलं का? मी म्हटलं, छे हो! तर ते हसले. माझा हात धरला, हे बोट," तिने उजव्या हाताचं बोट पुढे केलं, "आणि कागदावर टेकवलं. म्हणाले, हे ओलं लागतंय ना, ही माझी सही. आत्ता केली. हे माझं मृत्युपत्र आहे, मी माझ्या मर्जीने केलंय. बोट पूर्ण निळं झालं. तसंच घेऊन संध्याकाळी वर्ग घेतला. पोरं विचारत होती, मॅडम, तुम्ही कुणाला मत दिलंत का?"

बाईंचा जीव भांड्यात पडला. पुढचं विचारायला जीभ शिवशिवत होती: नाव पूर्ण का लिहिलं? बहिणीला का बोलावलं नाही? पण त्या उठल्या. सगळंच इथे बोलून झालं तर कोर्टात तिचं बोलणं पाठांतरासारखं वाटलं असतं. घरी आल्यावर त्यांनी यजमानांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. "तू? न विचारता परत आलीस?" त्यांनी कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

कोर्टाची खोली लहान होती, पंखा कुरकुरत होता. बहीण पहिल्या बाकावर बसली होती. बारीक अंगाची, पाठ ताठ, हातरुमालाची घडी घालणारी, उलगडणारी, पुन्हा घालणारी. कारागीर मागच्या बाकावर, तिची नजर चुकवून. दोघं वर्षानुवर्षं एकाच दुकानाच्या वर आणि खाली वावरली होती. तीच त्याला रोज दुपारचा चहा खाली पाठवायची. आता एकमेकांशी बोलणं नव्हतं.

बहिणीचा वकील तरुण होता, तयारी करून आला होता. त्याने पहिलाच प्रश्न टाकला. "त्या वेळी तुमचा चष्मा कुठे होता?"

"काकांच्या हातात," मॅडम म्हणाली. "दोन तुकड्यांत."

"म्हणजे त्यांना सही करताना तुम्ही पाहिलं नाही."

"नाही."

खोलीत कुजबुज झाली. वकिलाने मागे वळून बहिणीकडे पाहिलं. मागच्या बाकावर कारागिराने मान खाली घातली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग बाई, तुम्ही सही कशाच्या भरवशावर केलीत?"

तिने बोटाची हकिकत सांगितली. जशी तलावावर सांगितली होती तशीच, पण इथे तिचा आवाज जरा मोठा लागला. न्यायाधीशांनी ती लिहून घेतली, शब्द पुन्हा विचारून घेतले. "त्यांच्या तोंडून ऐकलंत?" "हो साहेब, त्यांच्याच तोंडून. मला डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून कानांनी जरा जास्तच ऐकू येतं."

तरुण वकील मागे हटणारा नव्हता. "मृताची नेहमीची सही अगदी वेगळी आहे. इथे पूर्ण नाव आहे. याबद्दल काही सांगू शकता?"

खरं तर तो प्रश्न विचारायला नको होता. उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारू नये हे वकिलाला पहिल्याच वर्षी शिकवतात. पण वकीलबाई पुढे झुकल्या. त्यांनाही तेच हवं होतं.

"त्याच्यावर तर हसले ते दोघं," मॅडम म्हणाली. "ते किल्लीवाले म्हणाले, काय हो, आज शाळेतल्या पोरासारखं सगळं नाव लिहिलंत? तर काका म्हणाले, पावतीवर शेपटी चालते. इथे माझं नाव कोणीतरी माझ्यामागे वाचणार आहे, तिला नीट लागलं पाहिजे."

"तिला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तिलाच म्हणाले. मी विचारलं पण, की घरात कोणी नाही का सही करायला, माझ्यासारख्या आंधळीला कशाला धरलंत? तर म्हणाले, बहीण आहे वर. पण जिला द्यायचंय तिची सही चालत नाही. आणि तिला सांगितलं तर ती म्हणेल, मरणाच्या गोष्टी काय करतोस, आणि दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही. मला दोन दिवस परवडत नाहीत."

बहिणीच्या हातातली घडी थांबली. ती वर पाहत नव्हती. मग तिच्या तोंडून एक बारीक आवाज आला. हुंदका वाटला, पण ते हसू होतं. "चार दिवस," ती स्वतःशीच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू आलं. "चार दिवस बोलले नसते मी."

निकाल काही आठवड्यांनी लागला. मृत्युपत्र खरं ठरलं. बहिणीने पुढे अपील केलं नाही. दुकानाची पाटी तशीच राहिली, कारागिराने ती बदलली नाही, आणि दुपारचा चहा परत खाली येऊ लागला. आधी शेजारच्या मुलीच्या हातून, मग ताई स्वतःच जिना उतरून येऊ लागल्या.

एवढ्यावर प्रकरण संपलं होतं. बाईंनी कागद बांधून ठेवले आणि नव्या अशिलाला विचारायला लागल्या, सकाळी पहिली हाक कोणाला मारता. तेवढ्यात एका दुपारी जिन्यावर हळू पावलं वाजली. बहीण आली होती.

"मला ती बाई भेटेल का?" तिने दारातूनच विचारलं. "कोर्टात ऐकलं, पण तिथे माझं अर्धं लक्ष माझ्याच धडधडीकडे होतं. मला पुन्हा ऐकायचंय. कोणी लिहून न घेता."

बाईंना दोनदा सांगावं लागलं नाही. त्यांनी पिशवी उचलली, कारकुनाला कचेरी सांभाळायला सांगितलं आणि बहिणीला घेऊन तलावावर गेल्या. वर्ग चालू होता. त्या कडेच्या बाकावर बसून राहिल्या. बहीण पाण्याकडे पाहत होती, जणू तिथेच कुठेतरी भाऊ असेल.

मॅडम आली, ओले केस पुसत बसली आणि पुन्हा सगळं सांगितलं. दार, आरसा, स्टूल, बोट. बहीण तिच्या तोंडाकडे पाहत होती. वकीलबाई मात्र मनातल्या मनात ते कोर्टातल्या साक्षीशी ताडून पाहत होत्या आणि सगळं जुळत होतं. शेवट आला.

"मग चष्मा झाला," मॅडम म्हणाली. "त्यांनी स्वतः माझ्या नाकावर ठेवला आणि म्हणाले, बघा आता. मी पाहिलं, तर काय! इतका नीटनेटका माणूस. आकाशी रंगाचा नवाकोरा शर्ट, कडक इस्त्री. मी म्हटलं, काका, कुठे लग्नाला निघालात का? म्हणाले, नाही, हेच काम होतं."

बहिणीने तोंडावर हात ठेवला. "आकाशी शर्ट," ती म्हणाली. "मीच शिवून घेतला होता. घडी तशीच पडून होती, घालतच नव्हता. एक दिवस घालून खाली दुकानात गेला. मी जिन्यावरून ओरडले, कुठे निघालास रे एवढा नटून? म्हणाला, कुठे नाही, खालीच. आणि संध्याकाळी बाहीला शाईचा डाग घेऊन आला. मी इतकी बोलले त्याला त्या डागावरून. इतकी बोलले. तो नुसता हसत होता."

पाण्यात कोणीतरी पाय आपटत होतं.

"हे शर्टाचं तुम्ही मला आधी नाही सांगितलंत," वकीलबाई मॅडमला म्हणाल्या. आवाजात थोडी तक्रार होती.

"तुम्ही कुठे विचारलंत?" मॅडम म्हणाली.

वकीलबाई कचेरीत खुर्ची ओढतात तशा बाकावरच जरा पुढे सरकल्या, बहिणीकडे वळल्या आणि विचारलं, "डाग कोणत्या बाहीला होता?"

"डाव्या," बहीण म्हणाली. मग थांबली, डोळे बारीक केले. "नाही, थांबा. तो उजव्याच हाताने लिहायचा. पण डाग डाव्या बाहीला होता, हे मला पक्कं आठवतंय. तो कसा काय?"

"माझं बोट," मॅडम म्हणाली. "उठताना तोल गेला, मी त्यांचा हात धरला असेन."

बहिणीने तिचा उजवा हात हातात घेतला आणि ते बोट उलटसुलट करून बघू लागली.